जुना इलेक्ट्रिक गार्डन ट्रॅक्टर दुरुस्त करताना बॅटऱ्या सगळ्यात शेवटी घ्या

जुना इलेक्ट्रिक गार्डन ट्रॅक्टर हाती आला की बहुतेक जण आधी नव्या बॅटऱ्या आणतात, बसवतात आणि चावी फिरवतात. मग तीनपैकी एक गोष्ट घडते: काहीच होत नाही, कुठूनतरी धूर येतो, किंवा ट्रॅक्टर एकदम उडी मारून भिंतीवर जातो. त्यानंतर दुरुस्ती सुरू होते. ती चार-सहा महिने रेंगाळते आणि तोवर न चार्ज केलेल्या नव्या बॅटऱ्या आतून सल्फेट (प्लेटांवरचा शिशाच्या क्षाराचा कडक थर) धरून बसतात. मी स्वतः एक अख्खा संच असाच वाया घालवला आहे, म्हणून खालचा क्रम थोडा हट्टाने मांडतो.

हा लेख १९६९ पासून १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जनरल इलेक्ट्रिकने काढलेल्या ‘इलेक-ट्रॅक’ जातीच्या, म्हणजे ३६ व्होल्टवर चालणाऱ्या ट्रॅक्टरला धरून लिहिला आहे. पुढे हे ट्रॅक्टर व्हील हॉर्सच्या नावाखालीही विकले गेले, म्हणून सुटे भाग आणि माहितीपुस्तिका शोधताना दोन्ही नावं वापरून पाहा. यंत्र दुसऱ्या कंपनीचं असलं तरी कामाचा क्रम हाच राहतो.

टप्पा १ : पाना उचलण्याआधी

मॉडेलची पट्टी शोधा आणि त्याच मॉडेलची वायरिंग आकृती मिळवा. शेजारच्या मॉडेलची आकृती ‘जवळपास तीच’ असते, आणि घोळ नेमका त्या ‘जवळपास’मध्येच होतो. आकृती मोठ्या कागदावर छापून घ्या. प्रत्यक्ष वायरिंग तिच्याशी ताडून पाहा आणि जिथे आधीच्या मालकाने करामती केल्या आहेत तिथे लाल खूण करा. पन्नास वर्षांच्या यंत्रात अशी एकही खूण झाली नाही, तर पुन्हा एकदा पाहा.

प्रत्येक वायर सोडवण्याआधी तिचा फोटो काढा आणि दोन्ही टोकांना कागदी पट्टी लावा. रंगांवर विसंबू नका. तेल, ऊन आणि आम्ल यांनी लाल, तपकिरी आणि केशरी वायरी एकाच रंगाच्या होऊन जातात.

हाताशी लागेल ते असं: चांगला मल्टिमीटर, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, मुठीवर इन्सुलेशन असलेले पाने, डोळ्यांना चष्मा, रबरी हातमोजे, खायचा सोडा, आणि मागची चाकं अधांतरी ठेवतील असे भक्कम स्टँड. नुसता जॅक चालणार नाही.

> सावधान : अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी आधीच काढून ठेवा. ३६ व्होल्टचा झटका कोरड्या हाताला फारसा जाणवत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण बॅटरीच्या दोन टोकांमध्ये अंगठी अडकली तर ती क्षणात लाल होते.

टप्पा २ : जुन्या बॅटऱ्या उतरवणं

सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या असतात. पहिली वायर सोडवायची ती या साखळीच्या मधोमध, तिसऱ्या आणि चौथ्या बॅटरीमधली. त्याने ३६ चे १८-१८ होतात आणि पुढचं काम निम्म्या जोखमीचं होतं. नंतर दोन्ही टोकं आणि मग उरलेल्या पट्ट्या सोडवा. ‘या तर मेलेल्याच आहेत’ असं म्हणून पाना आडवा टाकू नका. मेलेल्या दिसणाऱ्या बॅटरीतही ठिणगी पाडण्याइतका जीव असतो.

एक बॅटरी साधारण २८ किलोची असते. वाकून कंबरेच्या जोरावर उचलू नका, पट्टा वापरा. तळ फुटलेला असेल तर खाली प्लास्टिकचं घमेलं धरा.

रिकाम्या कप्प्यात चार लिटर पाण्यात वाटीभर सोडा या प्रमाणाचं पाणी ओता. फेस येईल. फेस थांबेपर्यंत ओतत राहा, मग साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. पुढे बॅटरी ठेवणार असाल तर हे सोड्याचं पाणी तिच्या सेलमध्ये एक थेंबही जाता कामा नये.

तपासणी : स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने कप्प्याचा पत्रा टोचून पाहा. टोक आरपार गेलं तर रंगाने भागणार नाही, तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड करावा लागेल. वेल्डिंग करताना आसपास बॅटरी नको, चार्ज होत असलेली तर मुळीच नको. तिच्यातून हायड्रोजन निघतो.

टप्पा ३ : आधी थांबता आलं पाहिजे

मोटरच्या आधी ब्रेक दुरुस्त करा. हा क्रम लोकांना उलटा वाटतो, पण जे यंत्र पहिल्या दिवशी चुकून पूर्ण वेगाने सुटू शकतं त्याला चालवण्याआधी थांबवायची सोय हवी. त्या काळातल्या ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्यामुळे हवा मारून धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बंद करून टाका. जुना रंगही कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

बाकी यांत्रिक काम नेहमीचंच आहे. ट्रान्सअ‍ॅक्सलचं (गिअर आणि मागचा अ‍ॅक्सल एकत्र असलेल्या पेटीचं) तेल काढून पाहा. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, आणि लोखंडाचा चुरा दिसला तर ते उघडावंच लागेल. स्टिअरिंगचे सांधे, पुढच्या चाकांची बेअरिंग्ज, पट्टा असेल तर पट्टा पाहून घ्या. गंजून धरलेलं चाक हातोड्याने ठोकून काढण्याचा मोह आवरा. त्याने अ‍ॅक्सल वाकतो किंवा ट्रान्सअ‍ॅक्सलचं कवच तडकतं. गंज सोडवणारं तेल टाका, दोन दिवस थांबा आणि पुलर (चाक ओढून काढणारं हत्यार) लावा.

टप्पा ४ : मोटर

इथे घाई केली तर पुढे सगळंच बिघडतं, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

या ट्रॅक्टरच्या चालक मोटरमध्ये दोन स्वतंत्र रस्ते असतात. एक आर्मेचरचा (फिरणाऱ्या भागाचा): जाड वायर, जवळजवळ शून्य ओहम, शेकड्यात जाऊ शकणारा करंट. दुसरा शंट फील्डचा (चुंबकत्व निर्माण करणाऱ्या स्थिर गुंडाळीचा): बारीक वायर, कित्येक पट जास्त ओहम, थोडेच अँपिअर. काही मोटरांत जोडीला जाड वायरीचं, आर्मेचरच्याच मार्गातलं सिरीज वाइंडिंगही असतं. मूळ यंत्रणेत सुरुवातीचे कमी वेग आर्मेचरच्या मार्गात रेझिस्टर घालून मिळतात आणि वरचे वेग फील्ड कमकुवत करून. म्हणजे फील्डचा करंट कमी केला की मोटर हळू होत नाही, उलट पळते. एवढं पक्कं समजलं की बाकीची अर्धी आकृती आपोआप कळते.

> सावधान : फील्डची वायर तुटलेली किंवा सैल असताना आर्मेचरला वीज दिली तर बिनभाराची मोटर बेफाम वेग घेते. आर्मेचरची वाइंडिंग बाहेर फेकली जाईपर्यंतही प्रकरण जाऊ शकतं. म्हणून नेहमी फील्ड आधी, आर्मेचर नंतर. बंद करताना उलटं.

मोटर उतरवा. टोकांवर ए-१, ए-२, एफ-१, एफ-२ अशा खुणा नसतील तर मीटरने ओळखून स्वतः घाला. ब्रश (आर्मेचरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) बाहेर काढा, पण कोणता ब्रश कुठल्या घरातून आणि कुठल्या बाजूने आला ते लिहून ठेवा. घासून बसलेला ब्रश उलटा घातला की पुन्हा पहिल्यापासून बसावा लागतो. ब्रश घरात सहज सरकला पाहिजे आणि स्प्रिंगने त्याला ठाम दाबलं पाहिजे. मऊ पडलेली स्प्रिंग पुष्कळदा नजरेतून सुटते, आणि मग कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) जळाल्याचा दोष ब्रशच्या माथी जातो.

कार्बनची धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्या. हवा मारली तर ती वाइंडिंगच्या आत जाऊन बसते आणि ती वीज वाहून नेते. कम्युटेटर एकसारखा चॉकलेटी दिसत असेल तर त्याला हात लावू नका. तो रंग मळाचा नाही, चांगल्या चालण्याची खूण आहे. काळे डाग किंवा चरे असतील तर बारीक काचपेपर आर्मेचर फिरवत लावा. एमरी पेपर लावू नका, त्याचे कण वीज वाहतात आणि तांब्यात रुततात. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक पट्ट्यांच्या वर आला असेल तर तो खाली कोरून घ्यावा लागतो. हे काम पूर्वी केलं नसेल तर सरळ वाइंडिंगच्या कारागिराकडे द्या.

तपासणी : प्रत्येक टोक आणि मोटरचं कवच यांमध्ये मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) मोजा. एक मेगओहमच्या वर हवं. कमी आलं तर मोटर लगेच मेली असं समजू नका. आधी नीट साफ करा, उबदार कोरड्या जागी दोन दिवस ठेवा आणि पुन्हा मोजा. बऱ्याचदा नुसता ओलावा आणि कार्बनच असतो. मेगर लावताना मोटरला कंट्रोलर किंवा दुसरं काही जोडलेलं नको.

टप्पा ५ : कॉन्टॅक्टर आणि वायरिंग

कॉन्टॅक्टर म्हणजे कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच. त्याच्या टिकल्यांवर, म्हणजे एकमेकींना टेकून वीज जोडणाऱ्या तुकड्यांवर, चांदीचा थर असतो. काळपट पडल्या म्हणून त्या कानशीने घासून चकचकीत करणं ही मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक. तो थर गेला की टिकली दोन हंगामांत वितळून चिकटते, आणि चिकटलेला कॉन्टॅक्टर म्हणजे पेडल सोडल्यावरही चालणारा ट्रॅक्टर. अगदी बारीक कागदाची पट्टी टिकल्यांमध्ये धरून दोन-चारदा ओढा, बस्स. खोल खड्डे असतील तर बदला.

केबलची टोकं सोलून पाहा. तांबं हिरवं किंवा काळं पडलेलं असेल तर चांगलं तांबं लागेपर्यंत कापा, आणि केबल उरली नाही तर नवी घाला. मुख्य मार्गाला ३५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची लवचिक केबल घ्या. लग (केबलच्या टोकाला बसणारे भोकाचे तुकडे) क्रिम्प करायचे, म्हणजे दाबून बसवायचे, ते योग्य मापाच्या हायड्रॉलिक हत्याराने. हातोड्याने चेपलेला लग बाहेरून सुरेख दिसतो आणि आतून सैल असतो. नुसतं झाळणंही पुरत नाही, कारण जोड तापला की झाळ मऊ होतो.

सीटखालचा स्विच, पात्यांचा स्विच, पेडल शून्यावर आल्याशिवाय सुरू होऊ न देणारा स्विच: हे आधीच्या मालकाने वायरीचा तुकडा घालून बायपास केलेले सापडतील. ते सगळे पूर्ववत करा.

तपासणी : वायरिंग आणि सांगाडा यांच्यात कुठेही जोड असता कामा नये. सांगाडा ऋण टोक म्हणून वापरायचा नाही. मीटरचं एक टोक सांगाड्याला लावून प्रत्येक मुख्य वायर तपासा.

टप्पा ६ : पहिली वीज, तीही उधारीची

अजूनही मोठ्या बॅटऱ्या आणायच्या नाहीत. १२ व्होल्टच्या तीन छोट्या, अलार्म यंत्रणेत असतात तशा ७ अँपिअर-तासांच्या बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडा आणि ५ अँपिअरचा फ्यूज घाला. हा ३६ व्होल्टचा संच फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइल आणि फील्ड यांच्यासाठी. आर्मेचरला वेगळी, १२ व्होल्टची एकच गाडीची बॅटरी, ३० अँपिअरच्या फ्यूजसह.

दोन वेगळे संच का? पुष्कळ जण मोटर तपासताना आर्मेचर आणि फील्ड दोघांनाही १२ व्होल्ट देतात आणि ‘कमी व्होल्टेज आहे, हळू फिरेल’ म्हणून समोर उभे राहतात. पण फील्डला तिसरा हिस्सा व्होल्टेज मिळालं की चुंबकत्वही जवळजवळ त्याच प्रमाणात घटतं, आणि मोटर बरीचशी पूर्ण वेगाने फिरते. फील्डला पूर्ण ३६ आणि आर्मेचरला १२ दिले तरच ती खरोखर एक तृतीयांश वेगाने फिरते.

मागची चाकं अधांतरी ठेवून क्रमाने करा:

१. आर्मेचर सुटं ठेवून फक्त नियंत्रणाची वीज द्या. चावी, पेडल, स्विच एकेक हलवून कोणता कॉन्टॅक्टर कधी खटकन बसतो ते आकृतीशी ताडा.
२. फील्डला वीज द्या, करंट मोजा, लिहून ठेवा. फील्ड थोडं गरम होणं ठीक आहे.
३. आर्मेचरच्या मार्गात गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब घालून १२ व्होल्ट द्या. बल्ब भक्क पेटला आणि मोटर हललीच नाही, तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा बेअरिंग जाम आहे. बल्ब पेटून मंद झाला आणि मोटर फिरू लागली, तर बल्ब काढा.
४. पाच मिनिटं चालवा. आवाज ऐका, ब्रशखालच्या ठिणग्या पाहा. बारीक निळसर ठिणगी चालते, पण गोल फिरणारं आगीचं कडं दिसलं तर लगेच बंद.

> सावधान : चालू फील्डची वायर हाताने ओढून काढू नका. कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा त्या क्षणी शेकडो व्होल्टचा झटका देते. ३६ व्होल्टला न घाबरणाऱ्यांना तो बरोबर आठवणीत राहतो.

गवत कापायच्या पात्यांना स्वतःच्या वेगळ्या मोटरी असतात. पाती काढून ठेवून प्रत्येक मोटर एकेकटी चालवा आणि बिनभाराचा करंट शेजारी शेजारी लिहा. जिचा आकडा इतरांपेक्षा ठळक जास्त असेल तिची बेअरिंग आधी पाहा.

टप्पा ७ : फ्यूज आणि वीज तोडायचा स्विच

मुख्य फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळ असावा. डॅशबोर्डपाशी बसवला तर मधली सगळी केबल फ्यूजच्या संरक्षणाविना राहते. फ्यूज आणि स्विच दोन्हींवर डीसीचा आकडा छापलेला हवा. घरातला एमसीबी चालत नाही: एसी करंट सेकंदाला शंभरदा किंवा जास्त वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी विझते. डीसी कधीच शून्यावर येत नाही, ठिणगी ताणत राहते आणि स्विच वितळतो. वीज तोडायचा स्विच सीटवर बसल्या बसल्या एका हाताने गाठता आला पाहिजे.

टप्पा ८ : आता बॅटऱ्या

शिसे-आम्लाच्या घ्यायच्या तर सहाही एकाच वेळी, एकाच कंपनीच्या, एकाच तारखेच्या. पाच जुन्या आणि एक नवी असा संच शेवटी त्या पाचांच्या पातळीवर येतो. पूर्ण चार्ज झाल्यावर काही तास विसावलेल्या संचाचं व्होल्टेज ३८.२ च्या आसपास दिसतं. चार्जिंगच्या शेवटी ते ४४ पर्यंत चढतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर भरा. आधी फक्त प्लेटा बुडतील एवढंच. आधीच काठोकाठ भरलं की चार्ज होताना आम्ल बाहेर येतं, आणि टप्पा २ मध्ये धुतलेला कप्पा पुन्हा तसाच होतो.

लिथियम घ्यायचं तर लोह-फॉस्फेट जातीचे १२ सेल एकापाठोपाठ: नाममात्र ३८.४ व्होल्ट, पूर्ण चार्ज ४३.८. यात लोक चार ठिकाणी फसतात.

पहिलं, जुना ट्रान्सफॉर्मर चार्जर. तो शिसे-आम्लासाठी आहे, लिथियमला लावायचा नाही.

दुसरं, बीएमएसची (सेलांची राखण करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटची) क्षमता. सरासरी करंट पाहून घेतलेलं बीएमएस चढावर जोर लागताच सगळी वीज तोडतं.

तिसरं, वजन. शिसे-आम्लाचा संच १७० किलोच्या घरात जातो, तेवढंच काम देणारा लिथियम संच ४० किलोच्या आत-बाहेर. ट्रॅक्टरची पकड त्या वजनावर बेतलेली होती. वजन परत घाला, तेही मूळ जागीच. नाहीतर मागची चाकं नुसती गरगर फिरतील.

चौथं फारसं कुणी सांगत नाही. शंट मोटर उतारावर ढकलली गेली की आपोआप जनरेटर होते आणि बॅटरी चार्ज करत ट्रॅक्टरला रोखते. बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर बीएमएस जास्त व्होल्टेज पाहून संच तोडतं, आणि तो रोध ऐन उतारावर नाहीसा होतो. म्हणून उतारावरच्या जमिनीत लिथियम पूर्ण भरून निघू नका, आणि टप्पा ३ मधला ब्रेक एकट्याने ट्रॅक्टर धरतो की नाही ते आधी पाहा. शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करायचं नाही. हा नियम उतारावरच्या चार्जिंगलाही लागू आहे.

टप्पा ९ : बदल, पण मूळ यंत्र चालल्यावरच

निदान काही तास तरी मूळ रचनेत काम करून घ्या. नाहीतर बिघाड जुना की तुम्ही घातलेला, हे कधीच कळणार नाही.

सर्वांत उपयोगी बदल म्हणजे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर. पण तो स्वतंत्र फील्डच्या मोटरीसाठी बनवलेला घ्या, म्हणजे आर्मेचर आणि फील्ड दोन्ही तोच सांभाळेल आणि फील्ड तुटलं तर मोटर थांबवेल. सिरीज मोटरचा कंट्रोलर स्वस्तात मिळाला म्हणून लावला तर फील्डची राखण तुमच्यावर येते. कंट्रोलरच्या आत मोठे कपॅसिटर असतात. ते रिकामे असताना मुख्य कॉन्टॅक्टर जोडला की क्षणभर प्रचंड करंट वाहतो आणि टिकल्या वितळून चिकटतात. कंट्रोलरच्या माहितीपत्रकात सांगितलेला प्रीचार्ज रेझिस्टर (कपॅसिटर आधी हळूहळू भरणारा) कॉन्टॅक्टरला समांतर घाला आणि काही सेकंद थांबून मगच जोडा.

दिव्यांसाठी १२ व्होल्ट हवे म्हणून साखळीतल्या दोन बॅटऱ्यांवरून वायर काढू नका. त्या दोन रोज थोड्या जास्त रिकाम्या होतात, चार्जर ते पाहत नाही, आणि वर्षभरात संपूर्ण संच त्या दोघींमुळे जातो. ३६ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा, आणि तो आतून विलग असलेला, म्हणजे ३६ आणि १२ च्या बाजूंमध्ये थेट जोड नसलेला घ्या.

४८ व्होल्टवर नेण्याचा मोह सगळ्यांना होतो. व्होल्टेज एक तृतीयांशाने वाढलं की कॉइलमधली उष्णता १.७८ पट होते. कायमचुंबक असलेल्या मोटरवरची पातीही सुमारे एक तृतीयांशाने जोरात फिरतात आणि त्यांना बाहेर फेकणारं बलही १.७८ पट होतं. अमेरिकी मानकात पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ९६.५ मीटरवर बांधलेला आहे. चाकांसाठी हा प्रयोग करायचाच असेल तर पात्यांना ३६ चाच वेगळा पुरवठा ठेवा. माझं मत विचाराल तर करू नका.

टप्पा १० : जमिनीवर

पहिली फेरी सपाट, मोकळ्या जागी, पाती न लावता. दहा मिनिटांनी थांबा, वीज तोडा आणि प्रत्येक जोड इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासा. शेजाऱ्यापेक्षा ठळक गरम असलेला जोड उघडून पुन्हा करा. मग भाराखाली, चाकं अधांतरी नसताना, साथीदाराला चालवायला सांगून प्रत्येक जोडाच्या दोन बाजूंमधलं व्होल्टेज मोजा. १०० अँपिअरला ०.१ व्होल्ट पडत असतील तर तो एकटा जोड १० वॉट उष्णता काढतोय. साथीदाराने वेग चालण्याइतकाच ठेवावा, आणि मोजणाऱ्याने चाकांपुढे उभं राहू नये.

याच फेरीत भाराखाली प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेजही लिहून ठेवा. सहांपैकी एक इतरांपेक्षा अर्धा व्होल्ट खाली बसत असेल तर ती वॉरंटीत असतानाच परत करा. दहा तास काम झाल्यावर सगळे टर्मिनल पुन्हा एकदा आवळा. शिसं मऊ असतं, दाबाखाली बसतं आणि पहिल्या दिवशी घट्ट केलेला नट सैल सापडतो.